नाम + इज + उपवाक्य : या टप्प्याची नोंद

इंग्रजी नामांचे साचे कार्डांवर जमवणाऱ्यांसाठी पुढच्या टप्प्याची ही नोंद. उपवाक्य थेट नामाला चिकटतं ते साचे ('द फॅक्ट दॅट…', 'द डिसिजन टू…') आधीच लावून झालेत. आता मध्ये 'इज' किंवा 'वॉज' येतं ते घेतले आहेत, म्हणजे 'द ट्रबल इज दॅट द बस लीव्ह्ज ॲट फाइव्ह' या घाटाची वाक्यं. शाळेतल्या वाक्यपृथक्करणात याला 'नाउन क्लॉज, कॉम्प्लिमेंट टू द व्हर्ब' असं लिहून आपण पुढे जातो. कोणतं नाम या जागी बसतं आणि कोणतं बसत नाही, हे तिथे विचारलंच जात नाही. खरी गंमत मात्र त्यातच आहे.

या साच्यात 'इज' बरोबरीच्या चिन्हासारखं चालतं. नामात जे आहे तेच उपवाक्यात असेल तरच वाक्य जमतं. 'द एम इज टू रिड्यूस वेस्ट' चालतं, कारण कचरा कमी करणं हेच ते उद्दिष्ट. 'ॲबिलिटी' घेऊन बघा. 'हिज ॲबिलिटी टू स्विम' सर्रास सापडतं, पण 'हिज ॲबिलिटी इज टू स्विम' असं कोणी म्हणत नाही. पोहणं ही क्षमता नव्हे, क्षमता पोहण्याची असते. 'अटेम्प्ट' आणि 'परमिशन' यांचंही तेच.

उलट्या बाजूला 'प्रॉब्लेम', 'ट्रबल', 'ॲडव्हांटेज' ही नामं आहेत. यांच्यापुढे 'इज दॅट' अगदी सहज येतं, पण 'द प्रॉब्लेम दॅट वी हॅव नो टाइम' म्हणताना जीभ अडखळते. 'द प्रॉब्लेम दॅट' असं सापडलंच तर त्यातला 'दॅट' बहुतेक वेळा 'जो, जी, जे' या अर्थाचा असतो: 'द प्रॉब्लेम दॅट वी फेस'. 'फॅक्ट', 'आयडिया', 'बिलीफ', 'होप' यांना दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. म्हणून प्रत्येक नामाच्या कार्डावर 'थेट' आणि 'इजमार्फत' असे दोन रकाने हवेतच. एकच रकाना ठेवला तर सगळी नामं सारखीच दिसू लागतात.

सध्या चार गट पक्के झालेत. 'दॅट'चा गट सर्वांत मोठा. 'टू'च्या गटात पुढे करायच्या गोष्टींची नामं येतात: 'एम', 'प्लॅन', 'टास्क', 'ॲम्बिशन', 'ट्रिक'. प्रश्नार्थक गटात 'क्वेश्चन', 'इश्यू', 'मिस्टरी'. इथे लेखी इंग्रजीत 'इफ'पेक्षा 'व्हेदर' बरा. चौथा गट 'आयएनजी'चा, म्हणजे 'टेलिंग'सारख्या रूपांचा, आणि त्याच्यावर जरा रेंगाळायला हवं. 'द मिस्टेक वॉज टेलिंग हिम' म्हणजे सांगून झालं आहे. 'द प्लॅन इज टू टेल हिम' म्हणजे सांगायचं बाकी आहे. म्हणून 'प्लॅन'ला 'टू' लागतं आणि 'आयएनजी' सहसा लागत नाही. 'मिस्टेक' मात्र दोन्ही घेतं, तेव्हा काळाचा हा नियम सगळीकडे लावू नका. 'प्रॉब्लेम'वर तर फरक आणखी बारीक होतो. 'द प्रॉब्लेम इज टू फाइंड द शॉर्टेस्ट रूट' हे गणितातलं उदाहरण आहे, काय शोधायचं ते सांगणारं. 'द प्रॉब्लेम इज फाइंडिंग पार्ट्स' म्हणजे सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतात.

मागणी-शिफारशीची नामं 'दॅट'च्या गटातच ठेवायची, पण कार्डावर खूण करायची. 'अवर डिमांड इज दॅट द ऑर्डर बी विथड्रॉन' यात 'इज विथड्रॉन' लिहिलं तर मागणीचा सूर जातो. ब्रिटिश लिखाणात इथे 'शुड बी'ही भरपूर सापडतं.

आता शोधाबद्दल. मनाने रचलेल्या वाक्यांवर विसंबू नये, खऱ्या मजकुरातल्या ओळी काढाव्यात. ही शिस्त बर्मिंगहॅम विद्यापीठात भाषातज्ज्ञ जॉन सिंक्लेअर यांच्या कोबिल्ड या शब्दकोश-प्रकल्पाने घालून दिली. त्यांचा पहिला शब्दकोश १९८७ चा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या खऱ्या मजकुराच्या संग्रहात सुमारे १० कोटी शब्द आहेत, त्यातले ९० टक्के लेखी आणि १० टक्के बोली. स्वतःजवळच्या मजकुरासाठी लॉरेन्स अँथनी यांचा अँटकॉन्क हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे; शोधलेला शब्द ज्या ज्या ओळीत आहे त्या ओळी तो दाखवतो. साध्या टेक्स्ट फाइल द्या, 'इज दॅट' शोधा आणि ओळी डावीकडच्या पहिल्या शब्दावर लावा.

इथेच पहिला घोळ होतो. 'द प्रॉब्लेम विथ द इंजिन इज दॅट इट ओव्हरहीट्स' या ओळीत 'इज'च्या लगेच आधी 'इंजिन' आहे, म्हणून यादीत 'इंजिन' हे नाम घुसतं. खरं नाम चार शब्द मागे आहे. तेव्हा डावीकडे निदान सात-आठ शब्द दिसतील एवढी रुंदी ठेवा आणि 'विथ', 'ऑफ', 'अबाउट' दिसलं की त्यांच्याही मागे जा. प्रोग्रामने काढलेली नामांची यादी ओळी न वाचता कार्डांवर उतरवू नये.

दुसरा घोळ सारख्या दिसणाऱ्या वाक्यांचा. 'द आन्सर इज दॅट वन' यात 'दॅट' म्हणजे 'ते'. 'द मिनिस्टर इज टू व्हिजिट पुणे' हे ठरलेल्या कार्यक्रमाचं वाक्य. कर्ता माणूस असला की ओळ शक्यतो बाजूला काढा. 'हिज जॉब इज टीचिंग' आणि 'हिज सिस्टर इज टीचिंग' वरून सारखीच दिसतात. इथे उलटून बघायचं: 'टीचिंग इज हिज जॉब' जमतं, 'टीचिंग इज हिज सिस्टर' जमत नाही. 'द रिझल्ट इज व्हॉट वी एक्स्पेक्टेड' यात काही विचारलेलंच नाही. 'व्हॉट'च्या जागी 'द थिंग विच' बसलं की ती ओळ प्रश्नार्थक गटातून काढून टाका.

'द फॅक्ट रिमेन्स दॅट वी लॉस्ट' ही ओळ कुठे ठेवायची, यावर बराच खल होतो. आमच्या मते ती या टप्प्यातली नाहीच. 'द फॅक्ट दॅट वी लॉस्ट रिमेन्स' असं जोडून म्हणता येतं, म्हणजे उपवाक्य मुळात नामाचं आहे, फक्त शेवटी ढकललं गेलंय. 'इज'ला हीच चाचणी लावली की 'द फॅक्ट दॅट वी लॉस्ट इज' हे अर्धवट लोंबकळत राहतं. 'द क्वेश्चन अराइजेस व्हेदर…'सुद्धा 'रिमेन्स'च्याच पंगतीत बसवा.

मराठीतून इंग्रजीत येताना दोन चुका हमखास होतात. त्यांना वेगळ्या रंगाचं कार्ड द्यावं. 'अडचण अशी आहे की' मनात असलं की 'द प्रॉब्लेम इज सच दॅट' लिहिलं जातं. त्याचा अर्थ 'अडचण इतकी किंवा अशा प्रकारची आहे, की त्यामुळे…' असा होतो. अडचण काय आहे ते सांगायचं राहूनच जातं. दुसरी चूक 'माय क्वेश्चन इज दॅट व्हाय डिड ही रिझाइन'. हे एक वाक्य दोनदा दुरुस्त करावं लागतं: प्रश्नार्थक शब्द आला की 'दॅट' गळतो, आणि उपवाक्यात 'डिड'ची उलटापालट राहत नाही. उरतं ते 'माय क्वेश्चन इज व्हाय ही रिझाइन्ड'. नुसता 'दॅट' काढून थांबणारे पुष्कळ आहेत, म्हणून कार्डावर दोन्ही पायऱ्या लिहा.

'द रीझन इज बिकॉज'ला चूक म्हणणारे आहेत, पण बोलण्यात ते भरपूर आहे. कार्डावर 'बोली' अशी खूण करा आणि लेखी नमुन्यात 'दॅट' ठेवा. 'चान्सेस आर' अनेकवचनीच, आणि बहुधा 'द'शिवाय.

पाचवा गट अजून उघडा आहे: 'ऑल यू हॅव टू डू इज प्रेस द बटन'. यात 'टू' गळलं तरी चालतं. 'द प्लॅन इज प्रेस द बटन' मात्र चालत नाही. जमवलेल्या ओळींत 'टू' गळतं तिथे कर्त्याच्या भागात 'डू'चं काही ना काही रूप असतंच: 'व्हॉट ही डिड वॉज…', 'द ओन्ली थिंग टू डू इज वेट'. तेव्हा ही कार्डं 'ऑल', 'थिंग' यांच्याखाली न लावता 'डू'खाली लावायला घेतली आहेत. 'डू' नसताना 'टू' गळलेली ओळ कोणाला मिळाली, तर आधीच्या आणि नंतरच्या वाक्यासकट जपून ठेवा.