तुम्ही विचारलंत म्हणून: अस्सल घर असताना नकली का?

दर डिसेंबरात नाताळच्या देखाव्यासाठी पुठ्ठ्याच्या इवल्या घरांचं गाव मांडून फोटो दाखवले की हे विचारणारं कुणीतरी भेटतंच. "तुमच्याकडे ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं जपानी घर आहे ना? मग फोटोत का नसतं? सगळी घरं घरीच बनवलेली, नकली का?" आजवर मी "ते फार नाजूक झालंय" एवढंच सांगून विषय बदलला. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही.

आधी 'नकली' या शब्दाबद्दल, कारण तो मला लागतो. १९२०-३०च्या दशकांत जपानमधून अमेरिकेत गेलेली ती पुठ्ठ्याची घरं स्वस्तातल्या दुकानांत काही सेंटना मिळायची. पातळ पुठ्ठा, छपरावर अभ्रकाचा चुरा, खिडक्यांना रंगीत सेलोफेन, पाठीमागे दिवा घालायला गोल भोक. नाताळच्या झाडाखाली देखावा मांडायची रीत अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या मोरेवियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, तिचं 'पुट्झ' हे नाव जर्मनमधून आलेलं, आणि घरं घडवणारे हात जपानी. यातलं अस्सल नेमकं कोणतं? मीही तोच पुठ्ठा कापते, तसाच अभ्रक भुरभुरते. आणि अस्सलचाच हट्ट धरायचा तर त्या काळी सजावटीचा बर्फ म्हणून ॲस्बेस्टॉससुद्धा विकला जायचा. तो फुप्फुसांना घातक, मी घरात आणणार नाही.

हे सगळं मला पटतं. तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे नाही.

ते घर मला एका वयस्क बाईंनी दिलं. त्यांच्या लहानपणचं, कापसात गुंडाळून डब्यातून पाठवलेलं. जेमतेम चार इंच उंच, तळाला 'जपान' असा फिकट शिक्का, दाराशी काथ्याचं कुंपण, समोर एकच मोठी खिडकी, लाल सेलोफेनची. अशा घरांत जो दिवा घालायचे, तो आठ दिव्यांच्या माळेतला असायचा. आठही एकापाठोपाठ जोडलेले, म्हणून १२० व्होल्टमधले प्रत्येकाच्या वाट्याला फक्त १५. उजेड मंद, पण पुठ्ठ्याला तेवढाच झेपतो. हे मला तेव्हा ठाऊक होतं. मुद्दाम सांगते, कारण नंतर मी स्वतःची समजूत "कुठं माहीत होतं" अशी घालून पाहिली आहे.

मला संध्याकाळचा फोटो हवा होता. बाहेरचा निळा उजेड बर्फावर, आणि खिडकी आतून पेटलेली. कॅमेरा टेबलाच्या पातळीला, गावातल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. पुढच्या कुंपणापासून मागच्या झाडापर्यंत सगळं स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र एफ १६ला, म्हणजे अगदी बारीक केलेलं. तसल्या मंद दिव्यानं खिडकी विझल्यासारखी दिसत होती. शटर जास्त वेळ उघडं ठेवावं तर बर्फही तितकाच उजळतो, दोघांतलं अंतर तेवढंच राहतं. थोडं आणखी अंधारू दिलं असतं तर काम झालं असतं. दोन फोटो काढून एकावर एक रचता आले असते. पण मला तो निळा उजेड हवा होता, आणि एकाच फोटोत सगळं हवं होतं. मी मागच्या भोकातून सात वॅटचा रात्रदिवा आत सरकवला.

पहिले काही फोटो सुंदर आले. म्हणून मी थांबले नाही. बर्फ नीट पसरला, एक झाड हलवलं, पुन्हा काढले. दिवा चालूच. अर्धा तास तरी गेला असेल. मग जुन्या सरसाचा वास आला. आधी वाटलं, शेजारी कुणाचं काही करपलं. वाकून पाहिलं तर लाल सेलोफेन कडेनं तपकिरी होऊन आक्रसत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत मधोमध तडकला. दिवा ओढून काढला तेव्हा छपराखालचा पुठ्ठा बोटाला गरम लागला. छपरावर रुपयाएवढा करपट डाग पडला होता, आणि तिथला अभ्रक बोट लावताच गळून पडला.

फोटो माझ्या हातून आलेल्यांतला सगळ्यांत चांगला आहे. तुम्ही तो पाहिलाय. बरेच जण त्याच्यामुळेच गावाकडे वळले. मी तो त्या बाईंनाही पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "खिडकी अगदी तश्शीच उजळलीय, आमच्याकडे उजळायची तशी." ते वाचताना घर माझ्यासमोर टेबलावर होतं, करपलेलं. मी "तुम्हाला आवडला, छान वाटलं" असं लिहिलं. त्यापुढे काही लिहिलं नाही.

तेव्हापासून मी घरं बनवते. पहिलं त्याच घराचं माप घेऊन बनवलं, दार, कुंपण, छपराचा उतार, सगळं. आत एलईडी घालते, ती फारशी तापत नाही. तिच्यासमोर ट्रेसिंग पेपर लावला की नुसता ठिपका न दिसता खिडकीभर उजेड पसरतो. फोटो चांगले येतात. तरी जुन्या सेलोफेनमधून तो लाल जसा उतरला होता तसा पुन्हा उतरलेला नाही, आणि तो पुन्हा उतरावा असं मला अजूनही वाटतं. हे लिहायला जड जातंय.

पुठ्ठ्याचं घर दिव्यासाठीच होतं, तेव्हाही ती घरं करपली असतीलच, असं कधी मनात येतं. पण ती ज्यांची होती त्यांच्या हातून. हे माझ्यावर विश्वासानं सोपवलेलं होतं.

"खिडकीला नवा सेलोफेन लाव, पाच मिनिटांचं काम," असं घरातलेच सांगतात. लाल तुकडा कापून ठेवलाय, मापाला बरोबर बसतो. घराच्याच डब्यात, कापसाखाली आहे. अजून चिकटवलेला नाही.