पाइपाला शेक

मिनियापोलिसमध्ये काल रात्री पारा उणे 26 अंश सेल्सियसपर्यंत उतरला आणि आज सकाळी स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर एक थेंबही पडेना. न्हाणीघरात पाणी येत होते, म्हणजे सिंकखालून बाहेरच्या भिंतीलगत जाणारा पाइप तेवढा गोठला होता. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. मात्र पाइप फुटतो तो बहुधा बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याच्या दाबामुळे, म्हणून नळ उघडा ठेवून, कपाटात डोके घालून, मी हेअर ड्रायरने नळाकडून मागे मागे शेकत गेले. (सांगलीला आईला फोनवर सांगितले, तर "पाइपाला शेक?" म्हणून ती हसतच सुटली.)

पाऊण तासाने नळ खाकरला, गढूळ पाणी थुंकला आणि बारीक धार लागली. खरी धास्ती तिथून पुढे होती, कारण पाइपाला तडा गेला असेल, तर तो बर्फाने बुजलेला असतो आणि बर्फ वितळल्यावरच गळू लागतो. नवऱ्याला तळघरात मुख्य व्हॉल्व्हपाशी उभे करून मी प्रत्येक सांध्यावरून कोरडा टिश्यू फिरवला. एका ठिकाणी तो ओला झाला आणि काळजात धस्स झाले; पण पुसल्यावर तिथे पुन्हा ओल आली नाही, नुसताच बाहेरून धरलेला दमटपणा होता.

आज रात्री कपाटाची दारे सताड उघडी राहतील.