मोहरीचा इस्तू

लिंगाणा किल्ल्याच्या सुळक्याचे फोटो नेटवर पोत्याने पडलेत. त्यामुळे रायलिंग पठारावरून तो कसा दिसतो, हे मी लिहीत बसत नाही. शिवाय आम्ही गेलो त्या सप्टेंबरातल्या दोन दिवसांत तो दिसलाच नाही. धुकं, पाऊस, परत धुकं. सांगायचंय ते मोहरी गावातल्या एका पडवीतल्या अर्ध्या तासाबद्दल.

वेल्ह्यापासून पुढे रस्त्याने पाठीची पार वाट लावली. मोहरी म्हणजे ऐन घाटमाथ्यावरची मूठभर घरं, जरा पुढे गेलं की जमीन संपते आणि खाली कोकण. पोचलो तेव्हा चौघेही ओलेचिंब होतो. एका म्हाताऱ्या धनगरबाबांनी पडवी दिली. आजी चूल पेटवायला बसल्या आणि काड्यापेटी सादळलेली निघाली. काडी ओढली की गुल काडीवरून निसटून पेटीलाच चिकटायचा.

मी अर्थातच पुढे सरसावलो. सॅकमध्ये ऑनलाइन मागवलेला फेरो रॉड होता, म्हणजे घासून ठिणग्या पाडायची धातूची कांडी, साडेचारशे रुपयांची. घरी गच्चीवर व्हॅसलीन चोळलेल्या कापसावर मी तो दहा वेळा पेटवला होता आणि त्याचा व्हिडिओही मित्रांना पाठवला होता. इथे भुईनळ्यासारख्या ठिणग्या उडवल्या. खाली होतं ओलसर गवत आणि नारळाच्या सोडणाचा पिंजलेला काथ्या. ठिणगी पडायची आणि विझायची. माझी बोटं सोलवटली. मित्र आधी उत्साहाने बघत होते, मग मोबाईलमध्ये बघायला लागले.

"चा व्हतोय का न्हाय आज?" आजींनी विचारलं. मला नव्हे, बाबांना.

बाबांनी कमरेची चंची सोडली. पान, सुपारी, चुन्याची डबी आणि त्यांच्याखालून बोटभर लांबीचं बांबूचं नळकांडं, लाकडाच्या बुचाचं. शिवाय एक गारगोटी आणि जुन्या कानशीचा घासून गुळगुळीत झालेला तुकडा. नळकांड्यातून त्यांनी काजळीसारखं काळं काहीतरी चिमटीत घेतलं, गारगोटीच्या धारेला लावून अंगठ्याने दाबलं आणि वरून कानस मारली. खट्. खट्. खट्. तिसऱ्या फटक्याला ठिणगी पडली, माझ्या ठिणग्यांच्या मानाने अगदीच मरतुकडी. पण काळ्यावर एक लाल टिंब उरलं. ना ज्वाळा, ना धूर. मोहरीएवढंच म्हणा हवं तर. फुंकर घातली तसं ते कडेकडेने पसरत गेलं. बाबांनी आधी त्यावर बिडी पेटवली. मग आढ्यातून ओढलेल्या कोरड्या गवताच्या मुठीत गोवरीचा भुगा घालून टिंब मध्ये ठेवलं, मूठ दोन-तीनदा हवेत फिरवली आणि भप्पकन जाळ झाला.

"घ्या इस्तू," ते म्हणाले.

चहा बरा होता, साखर जास्त होती. मी तीन कप प्यालो आणि फेरो रॉड सॅकच्या तळाशी घातला.

ते काळं म्हणजे सावरीचा कापूस. काटेसावर आपण फाल्गुनातल्या लाल फुलांसाठी ओळखतो. पण तिची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात तेव्हा कोणी कॅमेरा घेऊन जात नाही. मी गेलो. मे महिन्यात, एकटाच, एसटी आणि पायपीट करत. लिंगाणा दिसला. असो.

बाबा मला ओढ्याकडे घेऊन गेले. खोडावर काटे, त्यामुळे चढायचा प्रश्नच नव्हता. तडकून खाली पडलेली बोंडं वेचली. कापूस इतका गुळगुळीत की बोटांत धरवत नाही. याचं सूत निघत नाही, उश्या भरतात. तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट, म्हणून पाणी धरत नाही. मला वाटलं, हाच तर पेटवायला उत्तम! मुद्दाम आणलेल्या फेरो रॉडने एक बोळा पेटवला. फुस्स झालं आणि हातात काहीच उरलं नाही. काटकीला धग लागायच्या आत खेळ संपला.

बाबा हसले. "पांढरा भडकतो आन मरतो. काळा धरून ऱ्हातो."

काळा करायची कृती अशी. खापराच्या तुकड्यावर कापूस पसरायचा, कडेला विस्तव लावायचा. भुरकट होऊन काळी रेघ आत सरकायला लागली की लगेच वर पालथं ताट. हवा तोडायची. किती वेळ, असं मी घड्याळ काढून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे गुरं बघतात तसं बघितलं. मग चुलीतली वस्त्रगाळ राख चिमूटभर घेऊन तळव्यांत हलक्या हाताने चोळायची. त्याने कापूस धुमसत राहतो. लगेच नळकांड्यात, बूच घट्ट. कच्चा कापूस पाण्याला दाद देत नाही, पण जळलेला दमट हवा भराभर ओढतो. म्हणून नळकांडं कायम कमरेला, अंगाच्या उबेत.

हा सगळा उद्योग शेजारी पाण्याची कळशी ठेवून चालला होता. मे महिन्यात पठारावरचं गवत म्हणजे वणव्याला निमंत्रणच. रात्री मॅगी करून निखारे तसेच सोडून जाणाऱ्यांबद्दल बाबा जे बोलले, ते इथे छापण्यासारखं नाही. त्या जमातीत कॉलेजात असताना मीही होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

काड्यापेटी २०२१च्या डिसेंबरात एक रुपयाची दोन रुपये झाली, असं मी कौतुकाने सांगितलं. "दोन रुपयं देऊन वल्ल्या काड्या?" एवढंच उत्तर आलं.

पुण्यात च्यवनप्राशच्या डब्यात मी चार घाण्या केल्या. पहिल्या दोन्हींची राख झाली, तिसरी कच्ची राहिली. चौथी जमली, पण स्वयंपाकघरात दोन दिवस कागद जळल्यासारखा वास होता आणि आईने तेवढे दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

ऑक्टोबरात ती चौथी घाणी घेऊन परत मोहरीला गेलो. बाबांनी चिमूट चोळली, वास घेतला, उजेडाकडे धरली.

"करपवलास."

"पण घरी पेटला होता, बाबा."

"पेटंल की." त्यांनी डबी आजींकडे दिली. "ठिव. त्या कोपऱ्यातल्या उंदराच्या बिळाला बोळा हुईल."