तुम्ही विचारलंत म्हणून: घाटात इंजिन का वाजतं?

गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट चढायला लागलं, की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. महागातलं पेट्रोल टाकलं तर जाईल का, असं नेहमी विचारलं जातं. आधी गिअर उतरवा. चौथ्यात, 1500 आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून गाडी रेटली तर धडधाकट इंजिनही वाजतं. तिसरा टाकल्यावर आवाज थांबला, तर दोष बहुधा चालवण्यात आहे.

प्लगची ठिणगी पडली, की ज्वाला तिथून सिलिंडरच्या कडेकडे पसरत जाते. तिच्यापुढचं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबाने इतकं तापतं, की ज्वाला पोचण्याआधीच ते एकदम पेटतं. त्यातून उठलेल्या दाबाच्या लाटांनी इंजिनचा धातू कंप पावतो. ऐकू येतं ते हेच, यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनला लागून वायूचा एक पातळ थर असतो, तो धातूला आगीपासून जपतो. या लाटा तो थरच उधळून लावतात. मग पिस्टनची कड खड्ड्याखड्ड्यांची होते, दोन रिंगांमधला भाग तडकतो, हेड गॅस्केट जातं. प्लग काढून पाहा: पांढऱ्या इन्सुलेटरवर बारीक चकचकीत ठिपके दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम समजा.

आता पेट्रोल. साधं बीएस-6 पेट्रोल 91 ऑक्टेनचं. ऑक्टेन म्हणजे असं अवेळी पेटणं टाळण्याची पेट्रोलची ताकद. 20 टक्के इथेनॉल मिसळल्यावर ते साधारण 95 वर जातं. एवढं असूनही गाडी वाजते, तेव्हा जास्त ऑक्टेनने आवाज दबेल, पण कारण तसंच राहील. ते शोधायचं तर इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा, रेडिएटरचा फॅन वेळेवर सुरू होतो का ते बघा. मग कार्बन: नुसत्या बाजारापुरत्या फेऱ्या मारणाऱ्या आणि ऑइल खाणाऱ्या गाड्यांत तो भरपूर साचतो, सिलिंडरमधली जागा अडवून कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रणावरचा दाब, वाढवतो. इनटेकचा पाइप चिरला असेल तर जादा हवा शिरून मिश्रण पातळ होतं. प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचाच हवा.

नव्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. तो टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो, त्यामुळे सहसा आवाज येत नाही, फक्त ओढ आणि मायलेज घटतं. जुन्या कार्बोरेटरच्या मोटरसायकलींना हा आधार नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की आवाज कमी होतो, कारण थंड, दमट हवेत नॉकिंग घटतं. गाडी आपोआप बरी झाली असं वाटतं, आणि मार्चमध्ये पुन्हा तेच.

जड, खोल ‘ठक-ठक’ मात्र वेगळी. ती उभ्या गाडीत रेस केल्यावरही येते. बहुधा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असतं. इंजिन लगेच बंद करा, डिपस्टिक बघा आणि गाडी टो करून न्या. ऑइल भरून साखळी शहरापर्यंत तरी नेऊ म्हणालात, तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पडू शकतं.