तुम्ही विचारलंत म्हणून: आईचा आजार माझ्याही जनुकांत आहे का?

वाढत्या वयात मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील (दृष्टिपटलावरील) बारकावे पाहणाऱ्या मधल्या भागाचा, ऱ्हास होऊन आईची दृष्टी अधू झाली, आता माझीही होणार का, असे मला वारंवार विचारले जाते, कारण मी दृष्टिपटलाच्या पेशींवर काम करते. एखादे जनुक अंगी असणे आणि ते एखाद्या पेशीत कितपत सक्रिय असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पहिलीबद्दल थोडक्यात सांगते. २००५ मध्ये सीएफएच या जनुकातील एक बदल या आजाराशी जोडला गेला; त्यामुळे त्याच्या प्रथिनात ४०२ व्या जागी टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन हे दुसरे येते आणि धोका वाढतो. तरीही तो बदल असलेले पुष्कळ लोक म्हातारपणी व्यवस्थित वाचतात, म्हणून केवळ चाचणीच्या कागदावरून भाकीत करणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट खरी गुंतागुंतीची आहे. दृष्टिपटलामागे रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एक थर असतो. या पेशी प्रकाशग्राही पेशींची झिजलेली टोके रोज गिळून पचवतात, आणि त्या सहसा विभागत नसल्याने हे काम त्यांना जन्मभर करावे लागते. वयानुसार त्यांच्याखाली पिवळसर ठिपके साचतात. अशा पेशींना ऑक्सिजनची चणचण भासली, की एरवी लगेच मोडले जाणारे एक नियंत्रक प्रथिन टिकून राहते आणि व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोराने कामाला लावते. मग मागच्या बाजूने नव्या, गळक्या रक्तवाहिन्या वाढू लागतात. डोळ्यात दिले जाणारे इंजेक्शन त्या जनुकाला हात लावत नाही, तयार झालेले प्रथिन तेवढे अडवते. पेशी ते पुन्हा बनवतच राहतात, म्हणून इंजेक्शनही पुन्हापुन्हा घ्यावे लागते. हे समजल्यावर रुग्णाची चिडचिड निम्मी होते, असा माझा अनुभव आहे.

हे सारे थेट मोजायचे, तर जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचा तुकडा काढता येत नाही. आम्ही मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्यांवर विसंबतो, आणि जनुक किती सक्रिय आहे हे ज्यावरून कळते ते आरएनए (जनुकाची पेशीतील प्रत) लवकर विघटित होत असल्यामुळे तेही घाईने हाताळावे लागतात.

तुमच्यापुरते सांगायचे, तर धूम्रपान करत असाल तर सोडा, कारण जनुके बदलता येत नसली तरी हा धोका टाळता येतो. शिवाय आखलेला चौकटींचा कागद एकेक डोळा झाकून अधूनमधून पाहा. सरळ रेघ मध्येच वाकलेली दिसली, तर नेत्रतज्ज्ञाकडे जायला आठवडाही लावू नका.