पुटपुटणारा पारा

लहानपणी आई वाण्याकडे पाठवायची तेव्हा मी रस्ताभर पुटपुटत जायचो, पाव किलो साखर अर्धा किलो रवा, पाव किलो साखर अर्धा किलो रवा... आणि मधेच कुणी "काय रे, कुठं निघालास" विचारलं की संपलं, रवा तिथंच सांडायचा आणि मी नुसती साखर घेऊन घरी. परवा रात्री झोप येईना म्हणून जुन्या कॉम्प्युटरांबद्दल वाचत बसलो तर कळलं की केंब्रिजचं एडसॅक नावाचं मशीन पण असंच पुटपुटायचं!

म्हणजे बघा, त्याची मेमरी म्हणजे पाऱ्याने भरलेल्या साधारण ५ फुटी नळ्या. एका टोकाचा क्वार्ट्झचा स्फटिक विजेच्या पल्सचा, म्हणजे छोट्याशा झटक्याचा, आवाज करणार, तो आवाज पाऱ्यातून पळत दुसऱ्या टोकाला, तिथला स्फटिक त्याची परत वीज करणार, ती जरा ठाकठीक करून पुन्हा पहिल्या टोकाला, की चालली पुढची फेरी. एका फेरीला साधारण १ मिलिसेकंद. पल्स आला तर १, नाही आला तर ०. कुठे लिहिलेलं नाही की कोरलेलं नाही, आवाज फिरतोय तोवरच लक्षात, लाईट गेली की गेलं. आणि हवा असलेला आकडा फिरत फिरत टोकाशी येईपर्यंत थांबायचं, स्टॉपवर बसची वाट बघतो तसं.

त्यात पारा तापला की आवाजाचा वेग बदलतो आणि सगळं टायमिंग बिघडतं, म्हणून तापमान जपायचं. (पारा चढला की स्मरणशक्ती जाते हे आमच्या घरी वडिलांकडे बघून आधीच माहीत होतं.) गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने तर म्हणे पाऱ्याऐवजी जिन, हो, प्यायची दारू, भरा असं सुचवलं होतं. पण चाललं हो ते, ६ मे १९४९ ला मॉरिस विल्क्सच्या टीमने पहिला प्रोग्राम चालवला आणि मशीनने काय केलं तर ० ते ९९ चे वर्ग छापून दिले. आमच्या मास्तरांना फार आवडलं असतं.

एका नळीत ५७६ बिट, म्हणजे तेवढे ० किंवा १, आणि ८ बिटांचा एक बाईट धरला तर ७२ बाईट. मला राहवेना, माझी यादी मोजून बघितली. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, जोडाक्षरातली पाय मोडायची खूणसुद्धा ३-३ बाईट खातं आणि स्पेस १, असं धरलं तर 'पाव किलो साखर अर्धा किलो रवा' भरतं ७४. दोनच बाईट जास्त! शेवटचा काना काही नळीत मावत नाही, म्हणजे साखर शाबूत आणि रव्याचा उरतो नुसता रव.