चिकाचा वास

परवा शनिवारी प्लायनी द एल्डर उघडली. इथे कॅलिफोर्नियात सांता रोझाला रशियन रिव्हर म्हणून ब्रुअरी आहे, त्यांची ही डबल आयपीए, म्हणजे हॉप्स नावाच्या वेलीची फुलं भरपूर घातलेली कडू, सुवासिक बिअर. अल्कोहोल 8 टक्के, म्हणजे आकड्यात आपल्याकडच्या स्ट्राँग बिअरएवढंच, पण तिकडची स्ट्राँग थेट डोक्याला धरते आणि ही आधी नाकाला. बाटलीवर तारीख बघूनच घेतो आता, कारण हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो आणि मागे एकदा एका दुकानातून चार महिने पडलेली बाटली आणली होती तर ओल्या पुठ्ठ्याचा वास आला नुसता.

फ्रीजमधून काढून दहा मिनिटं तशीच ठेवली, फार गार असली की वास दबतो, मग ग्लासात ओतली आणि परीक्षकांचा असतो तसा तक्ता घेऊन बसलो. एकूण मार्क 50. चवीला 20, वासाला 12, रंग आणि फेस मिळून फक्त 3.

मार्क म्हटल्यावर बाबा आले बाहेर. तीन महिन्यांसाठी रत्नागिरीहून आलेत, रिटायर्ड मास्तर, घेत नाहीत अजिबात. "काय तपासतोयस?"

मी अडकलो होतो वासावर. अशा बिअरबद्दल सगळे लिहितात ग्रेपफ्रूट, पाइन, राळ. ग्रेपफ्रूट ठीक आहे, आमच्या परसातल्या पपनसाचा धाकटा भाऊ, आणि हिचा कडूपणाही पपनसाच्या पांढऱ्या सालीसारखाच, घोट खाली गेल्यावर जिभेच्या मुळाशी हळूच येऊन बसणारा, आणि खाली गोडवा फारसा नाही म्हणून लगेच दुसरा घोट घ्यावासा वाटतो (धोका तिथेच आहे!). पण पाइनच्या जंगलात मी लहानपणी कधी गेलो होतो? दुसऱ्याच्या नाकाने वास घेतल्यासारखं वाटत होतं.

बाबांनी ग्लास नाकाशी नेला. "अरे, हा तर चिकाचा वास. हापूस देठापासून मोडला की उडतो ना, तो."

मी परत नाक घातलं. तोच! मे महिना, गोणपाटावर आंबे, बोटं चिकट. आणि यात नवल नाही खरं तर, मिरसीन नावाचं एक तेल हॉप्समध्ये भरपूर असतं, तेच आंब्यातही. हॉप्स उकळले की कडूपणा उतरतो पण हे तेल वाफेबरोबर जातं, म्हणून बिअर आंबून झाल्यावर पुन्हा कोरडे हॉप्स टाकतात, फक्त वासासाठी.

नाव कुणाचं विचारलं त्यांनी. म्हटलं, रोमन पंडित, हॉप्सचा उल्लेख पहिल्यांदा यानेच केला असं मानतात, इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी पेटला तेव्हा तिकडेच गेला आणि मेला. "नसती चौकशी," बाबा म्हणाले.

मग माझ्या हातातलं पेन घेऊन वासापुढे 11 लिहिले. 12 का नाही विचारलं तर म्हणाले पैकीच्या पैकी द्यायचे नसतात, पोरं शेफारतात, आणि झोपायला गेले.